पाहुण्यांचा पुडा

चहा आणि एक कोरडा पदार्थ. पार्टी ठरली की पहिल्याच फोनवर मी त्या घरच्या बाईला हे सांगून टाकते. ढोकळा नको, सामोसे नकोत, पावभाजी तर अजिबात नको. वेफर्सचं नाहीतर बिस्किटांचं पाकीट आणा, कागदी प्लेटा आणा, आणि पाकीट पाहुण्यांच्या समोर फोडा. आधी फोडून ठेवलंत तर सादळतं.

आमची पार्टी म्हणजे केक कापायची नव्हे. मी स्वयंपाकघरातले हवाबंद डबे विकते. एक बाई आपल्या घरी शेजारणींना बोलावते, मी दोन मोठ्या पिशव्यांतून नमुन्याचे डबे घेऊन जाते, पाणी भरलेला डबा कुणाच्या तरी डोक्यावर उलटा धरून दाखवते, एखादा खेळ घेते आणि ऑर्डरी लिहून घेते. जिच्या घरी पार्टी, तिला एक भेटवस्तू मिळते. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, पवईच्या मागच्या गल्ल्या, एवढ्या पट्ट्यात कुणाच्या हॉलमध्ये पंखा आवाज करतो हेसुद्धा मला पाठ आहे.

नियमाला कारण आहे. घाटकोपरला एका हौशी बाईने पावभाजी केली, दोन चटण्यांसकट ढोकळा केला, वर कुल्फी आणली. बाई सगळा वेळ तव्यापाशी. बायका खाऊन इतक्या सुस्तावल्या की एकीने सोफ्यावरच डुलकी काढली. माझे अर्धे डबे पिशवीतच राहिले. शेवटी मी विचारलं, पुढची पार्टी कोण घेणार, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. हिच्यानंतर आपण नुसते वेफर्स ठेवायचे म्हणजे अब्रूचा प्रश्न. आमचा धंदा साखळीचा आहे. एका पार्टीतून दुसरी निघाली नाही तर वाट लागली म्हणायची. म्हणून साधं ठेवा, स्वयंपाकघरात अडकू नका, पाहुण्यांत बसा. नवीन मुलींना शिकवताना मी हेच कारण सांगते, आणि ते खरं आहे.

पण नियम तिथून आलेला नाही. तो माझ्या आईकडून आलेला आहे.

कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत, आमच्या खोलीच्या फळीवर एक बिस्किटांचा पुडा कायम असायचा. त्याला आम्ही भावंडं पाहुण्यांचा पुडा म्हणायचो. भूक लागली तर भाकरी होती, चहा होता, पण तो पुडा फोडायचा नाही. चाळीतली कुणी बाई दारात आली की आई तिला आत बोलवायची, बसायला पाट द्यायची, आणि मग फळीवरचा पुडा काढून तिच्यासमोर आणायची. तिच्या डोळ्यांदेखत फोडायची. कागद टर्रकन फाटायचा, त्या आवाजानंतर बाई सैल व्हायची आणि एखादं बिस्कीट उचलायची. मला वाटायचं, पाहुणचाराची हीच रीत असते. सगळ्यांच्या घरी असाच पुडा असतो असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पुडा सुरू होण्याआधीचं एक वर्ष मात्र मला आठवतं. समोरच्या खोलीतली बाई गणपतीत आमच्याकडे मोदक पाठवायची. ती कोकणातली, नवरा गिरणीत, स्वभावाने वाईट नव्हती. डबा रिकामा परत करू नये म्हणून आई त्यात साखर घालून पाठवायची. एकदा आईला वाटलं, नेहमी काय साखर, आपणही करून पाठवावं. आई परभणीकडची, धपाटे तिच्या हातचे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायची आणि फडक्यासकट उचलून तव्यावर पालथे घालायची. पहिले चार गरमागरम समोर पाठवले, मीच घेऊन गेले. परत आले तर आमची पानं मांडलेली. वडिलांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "अगं, मीठच नाही की यात."

आईने कपाळावर हात मारून घेतला. समोर जाऊन सांगावं की काय, म्हणून ती उठली, मग लाजेने परत बसली. रात्रभर तिला तेच लागून राहिलं होतं. आपण पहिल्यांदा पाठवलं आणि अळणी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. लख्ख घासलेला, आत मूठभर साखर. समोरची बाई दारातच उभी राहिली आणि हसून म्हणाली, "छान झाले होते हो धपाटे. मीठ-तिखट कसं अगदी बेतशीर."

आई "हो का" म्हणाली. दार तिने नेहमीसारखंच लावलं, आपटलं वगैरे नाही. मग डबा घेऊन ती मोरीपाशी बसली आणि घासलेला डबा पुन्हा घासत राहिली. मी लहान होते, पण एवढं मला कळलं की त्या बाईने धपाटे खाल्ले नव्हते. कुठे टाकले ते आईने कधी शोधलं नाही. त्यानंतर आमच्या घरून शिजवलेलं काही कुणाकडे गेलं नाही आणि फळीवर पुडा आला. कंपनीत बंद केलेला, कुणाचा हात न लागलेला.

आणि आईला एक सवय लागली. काहीही केलं की चमचाभर माझ्या तळहातावर घालायची आणि म्हणायची, "मीठ बघ गं." मी बरोबर आहे म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. पुन्हा विचारायची. शेवटच्या आजारपणात, स्वयंपाकघरात पाऊल टाकणं बंद झाल्यावरसुद्धा, बिछान्यावरून विचारायची. मीठ बघितलंस का गं?

ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही बुद्धाच्या घरचे. आत्मा, भूत, पितर यातलं काही मानत नाही. मी तर मुळीच मानत नाही, आणि अंगात येणाऱ्या बायकांची भर पार्टीत खिल्ली उडवलेली आहे. तरी आई येते. दिसते म्हणावं तर दिसत नाही. पण प्रत्येक घरात चपलांच्या रॅकजवळ जी शेवटची खुर्ची असते, तिथे मी कुणाला बसू देत नाही असं एक दिवस माझं माझ्याच लक्षात आलं. कुणी बसायला गेलीच तर मी घाईने म्हणते, "ताई, पुढे या ना, तिथून डबे दिसायचे नाहीत." मग खेळ होतो, चहा येतो, घरातली बाई पाकीट फोडते. तो टर्रकन आवाज झाला की त्या खुर्चीवर कुणीतरी मान वर करून बघतं. माझ्या मानेवर काटा येतो आणि मी झाकणाविषयी बोलत राहते.

मुलुंडच्या एका मुलीने पार्टीसाठी मला फोन केला आणि माझा नियम ऐकून घेतला. मग म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा घरी येऊन जाल का? पार्टीच्या आधी."

गेले. नवी इमारत, सहाव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, अजून रंगाचा वास जात नव्हता. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, नवरा अंधेरीला औद्योगिक वसाहतीत, एक शाळेत जाणारी लेक. दारातून आत पाऊल टाकलं आणि भिंतीवर दोन फोटो दिसले. एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातला. माझी नजर तिथे थांबलेली तिने पाहिली आणि आपल्या लोकांत नमस्कार करताना जो शब्द म्हणतात तो हळूच म्हटला. मीही म्हटला. मग तिने दार लावून घेतलं. एवढं चांगलं स्वतःच्या पैशाचं घर, आणि आम्ही दोघी नमस्कार करताना आवाज खाली घेत होतो, याचा मला अस्सा राग आला.

"ताई, वेफर्स नकोत," ती म्हणाली. "मला धपाटे करायचेत."

"कशाला गं? दहा-बारा बायका, दमशील. पाकीट फोड, मोकळी हो."

"मला कळलं पाहिजे."

काय कळलं पाहिजे ते मला विचारावं लागलं नाही, पण तिने सांगितलंच. गृहप्रवेशाच्या दिवशी तिने मजल्यावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. भंतेजी आले, वंदना झाली. शेजारणी आल्या, घर बघितलं, फोटो बघितले, दुकानातल्या खोक्यातली बर्फी आवडीने खाल्ली. जेवायला मात्र एकही थांबली नाही. आम्ही जेवूनच निघालो, आज पोट बरं नाही, पाहुणे यायचेत.

"खरंही असेल ना, ताई? असेलच. तेव्हापासून मी रोज लिफ्टमध्ये त्यांची तोंडं बघते. सगळ्या हसतात. चांगल्या बोलतात. मला काही म्हणताच येत नाही. पुढच्या महिन्यात पोरीचा वाढदिवस आहे. ती म्हणते, मम्मी, मजल्यावरच्या सगळ्या मुलांना बोलाव आणि तू बनव. मी बनवलं आणि मुलांना आयांनी खाऊ दिलं नाही तर तिला काय सांगू? त्याच्या आधी मलाच कळू दे. मोठ्या बायकांचं मी सहन करीन."

मी तिला आईचं काही सांगितलं नाही. उलट धंद्याचं शहाणपण शिकवलं. म्हटलं, "अगं, कशाला परीक्षा घेतेस? परीक्षा घेतली की निकाल लागतो. पाकिटात काय वाईट आहे? सगळ्या खातील, हसतील, जातील."

"पाकिटाचं सगळे खातात, ताई," ती म्हणाली. "माझ्या हातचं कोण खातं?"

माझा नियम मी इतक्या घरांत सांगितला होता, पण तो असा कुणी माझ्या हातात परत ठेवला नव्हता. शेवटी म्हटलं, ठीक आहे, धपाटे तर धपाटे. कोरडाच पदार्थ आहे, नियमात बसतो. मी लवकर येईन मदतीला.

तिला मंगळवारी सुट्टी असायची. दुपारी चारची पार्टी ठरली. मी जेवण आटपून गेले तेव्हा तिने पीठ भिजवून ठेवलं होतं आणि ती आंघोळीला गेली होती. लेक शाळेत. स्वयंपाकघरात मी एकटी. परातीतलं पीठ थोडं सैल वाटलं म्हणून मी मूठभर ज्वारीचं पीठ घातलं आणि मळायला घेतलं. लसणाचा, ओव्याचा वास वर आला. तोच वास, चाळीतल्या आमच्या खोलीतला. आणि मागून, अगदी कानामागून, आवाज आला. मीठ बघ गं.

मी वळले नाही. वळून काही दिसणार नाही हे मला माहीत होतं, आणि दिसलं असतं तर काय केलं असतं तेही माहीत नव्हतं. माझा हात आपोआप मिठाच्या बरणीत गेला. मी मीठ घातलं, मळलं, पुन्हा घातलं की काय ते मला आजही सांगता येत नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा मी परातीवर ओलं फडकं टाकत होते. दोघींनी मिळून धपाटे थापले. ती थापत होती, मी भाजत होते. दोघीही मनातल्या मनात शेजारणींची तोंडं बघत होतो, त्यामुळे चाखून बघायचं कुणाला सुचलंच नाही.

बायका आल्या. चांगल्या होत्या, हसऱ्या होत्या, मी वाईट म्हणणार नाही. एक बँकेत होती, एक शिकवण्या घ्यायची, समोरच्या दारातली एक म्हातारी मालवणी काकी होती, तिला ऐकू कमी यायचं म्हणून ती सगळ्यांशी ओरडून बोलायची. पाणी भरलेला डबा मी तिच्याच डोक्यावर उलटा धरला. ती म्हणाली, "सांडलंस तर सोडूचंय नाय तुका!" सगळ्या खूप हसल्या. ऑर्डरी बऱ्या झाल्या. मग मुलगी ताट घेऊन बाहेर आली. पितळी ताट, त्यात केळीचं पान, त्यावर धपाट्यांची चळत, बाजूला वाटीत दही.

बँकवाली म्हणाली, "अय्या, धपाटे! पण आज नाही गं चालणार."

शिकवणीवाली म्हणाली, "मला पण नाही."

तिसरी म्हणाली, "मी फक्त चहा घेते हं."

ताट एकीकडून दुसरीकडे फिरलं आणि चळत जशीच्या तशी राहिली. प्रत्येकीने हात जोडल्यासारखे केले, प्रत्येक जण गोड हसली. मी शेवटच्या खुर्चीकडे बघायचं टाळलं. तिथे आई होती. मी शपथेवर सांगते, ती तिथे होती, पदर घट्ट लपेटून, आणि ताटाकडे बघत होती. मुलीचा चेहरा तर मला अजून दिसतो. रडकुंडीचा नव्हता. उत्तर मिळाल्याचा होता.

तेवढ्यात काकी ओरडली, "अगो, आज अंगारकी! सगळ्यांचो उपास. तुका कोणी सांगूक नाय?"

आम्हा दोघींना कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी संकष्टी आली की ती अंगारकी, मोठा उपास, एवढं मला चांगलं माहीत आहे. पण आमच्या घरातून हे उपास जाऊन दोन पिढ्या झाल्या आणि कॅलेंडरमधला तो चंद्र आमच्या डोळ्यांना दिसत नाही. एरवी मला फरक पडला नसता, कारण माझे बटाट्याचे वेफर्स उपासालाही चालतात. माझा नियम सगळ्यातून सुटतो. तो मोडला त्याच दिवशी आम्ही दोघी तोंडावर पडलो होतो.

मी पिशवीतलं अडीअडचणीचं वेफर्सचं पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर फोडलं. बायकांनी खाल्ले. चहाही प्यायल्या. चहाचं मी धरत नाही. चहा आता कुणीही कुठेही पितं, टपरीवर जात कोण विचारतो? खरं काय ते ताटात कळतं.

मुलीने हार मानली नाही. म्हणाली, "मग असं करा, घरी न्या ना. चंद्र दिसल्यावर खा. लसूण आहे, चालत नसेल तर उद्या सकाळी खा." तिने माझ्याकडे बघितलं. मी नमुन्याचे डबे पुढे केले आणि तिने प्रत्येकीला डब्यात धपाटे भरून दिले. "डबे ताईंचे आहेत, आठवणीने परत द्या हं." सगळ्या डबे घेऊन गेल्या. काकीने तर दोन जास्त मागून घेतले. शेवटी ताटात एकच उरला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "ताई, पोरीने उरलेला खाल्ला. एक घास घेऊन थुंकली. खारट आहे. तोंडात घालवत नाही इतका खारट आहे."

तेव्हा मला परात आठवली आणि मिठाच्या बरणीत गेलेला हात आठवला. मी सांगितलं, मीच घातलं, तू आधीच घातलंयस हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे ताई, होतं असं दोन हात लागले की." खरंच होतं असं. दोघी स्वयंपाकघरात असल्या की मीठ दोनदा पडतं, सगळ्यांच्या घरी पडतं. मग मी मागून आलेला आवाज का सांगितला नाही? कारण मला स्वतःलाच तो ऐकायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा फोन केला. मजल्याच्या ग्रुपवर मेसेज आले होते, ती वाचून दाखवत होती.

"'धपाटे मस्त हं.' 'थँक यू डिअर, सगळ्यांना आवडले.' 'खूप टेस्टी, रेसिपी दे.'" शेवटचा तिने सावकाश वाचला. "आणि ही बँकवाली. 'परफेक्ट झाले होते.' आणि पुढे अंगठा."

मीठ-तिखट कसं अगदी बेतशीर. एवढी वर्षं गेली, चाळ पडून तिथे टॉवर आला, आणि तेच वाक्य मोबाइलवर अंगठ्यासकट आलं.

"सभ्यपणाने म्हणत असतील गं," मी म्हटलं. "खारट झालं म्हणून कोण तोंडावर सांगतं?"

"हो ना. सभ्यपणाच असेल."

"खाल्ले असतील."

"असतील."

मग ती म्हणाली, "ताई, वाढदिवसाला बाहेरचा केक आणि वेफर्स ठेवते. तुमचंच बरोबर आहे. साधं ठेवावं."

माझंच बरोबर होतं. हे ऐकून मला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. पार्टीनंतर बायका माझा नियम मान्य करतात तेव्हा मी खूश होते. या पोरीने मान्य केला तेव्हा वाटलं, फळीवरचा तो पुडा मी उचलून तिच्या नव्या घरात नेऊन ठेवला. तिच्या लेकीलाही आता वाटेल, पाहुणचाराची हीच रीत असते.

ऑर्डरीचे डबे घेऊन मी तिच्याकडे गेले तेव्हा नमुन्याचे डबे तिने ओट्यावर मांडून ठेवले होते. सगळे परत आले होते, सगळे लख्ख धुतलेले. रिकामा डबा कुणी दिला नव्हता. एकात साखर, एकात खोबऱ्याचा तुकडा, एकात लेकीसाठी चॉकलेटं. मुलगी मला ते दाखवत होती आणि तिच्या आवाजात काहीही नव्हतं. मी तिला म्हणणार होते की, हे बघ, चॉकलेटं दिलीत, माया आहे. माया आमच्या समोरच्या बाईलाही होती. ती मोदक पाठवायची.

"एक डबा राहिला," मुलगी म्हणाली. "काकीचा."

तेवढ्यात दार वाजलं. दार उघडलं तर काकी उंबऱ्यात उभी, एका हातात डबा, दुसरा हात कमरेवर. आत यायची वाट न बघता तिने तिथूनच सुरुवात केली, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी.

"काय गो चेडवा, मीठ केवढा घातलंस? ती अख्खी रात पाणी पित होतंय मी! दोन खाल्लंय, तिसरो काय घशाखाली जाईना. माझ्या झिलान पण तोंड वाकडा केल्यान. नवऱ्याक असाच घालतंस काय गो?"

मुलीने दाराची चौकट धरली आणि तिला रडू फुटलं. हुंदके देऊन, लहान मुलासारखं. काकी गडबडली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"अगो, रडतंस कित्याक? मीठच ता. पुढच्या टायमाक कमी घाल, काय? चव बरी होती. ह्यो डबो घे. धुवूक नाय हा, नळाक पाणी नाय."

काकी आत येऊन बसली. कुठे बसली? चपलांच्या रॅकजवळच्या त्या शेवटच्या खुर्चीवर. मी पुढे या म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बसू दे म्हटलं. मुलगी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि पाच मिनिटांत आतून पीठ मळल्याचा आवाज यायला लागला. काकी तिथूनच तिला ओरडून सांगत होती की मीठ आधी हातावर घे, मग परातीत घाल.

भूत उतरलं असं काही मी म्हणणार नाही. बाकीच्या बायकांनी खाल्ले की नाही, ते मला आजही माहीत नाही. खाऊन गोड बोलल्या असतील, नाहीतर कुठे टाकले असतील, विचारायची सोय नाही. हे विचारता न येणंच आमच्या मानगुटीवर बसलेलं आहे, आणि ते मुलीच्याही वाट्याला आहेच. वाढदिवसाला तिने धपाटे केले. कोणकोणती मुलं जेवली ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. काकी जेवली एवढं सांगितलं.

माझा नियम मी अजून सांगते. चहा आणि एक कोरडा पदार्थ. फक्त पाकीट पाहुण्यांसमोर फोडा, हे आता सांगत नाही.

काकीने डबा परत दिला त्या दिवशी घरी येऊन मी पिशवी उघडली आणि तो डबा काढला. तळाला तेलाचा ओशट थर, कडेला चिकटलेला तीळ, झाकणाला लसणाचा वास. खाल्लेल्या घरातला डबा. मी तो घासायला घेतला नाही, हातात धरून मोरीपाशी बसून राहिले, आणि मागून तो आवाज आला. मीठ बघ गं.

पहिल्यांदाच मी वळून उत्तर दिलं. म्हटलं, "जास्त झालंय, आई. शेजारच्या काकी म्हणाल्या."